पोरापोरींच्या हाती रेडिओ द्या, लगाम ग्रामसभेकडे ठेवा



संघटनेच्या गावांतल्या पोरापोरींना रेडिओचे कार्यक्रम तयार करायला शिकवायचं आणि ते कार्यक्रम इंटरनेटवर ठेवायचे, असा विचार गेल्या काही बैठकांत पुढे आला. तेव्हापासून पाड्यापाड्यांतून एकच सवाल येतोय. दावे प्रांत कचेरीत पडून आहेत, मोजणी अर्धी राहिलीय, नेवाडच्या जमिनीवर फॉरेस्टवाले अजून खड्डे खोदायला येतात. अशा वेळी हे रेडिओचं खूळ कशाला?

सवाल रास्त आहे. जमीन बाजूला ठेवून गाणी वाजवायला ही संघटना उभी राहिलेली नाही. म्हणून या अंकात त्याच सवालाचं उत्तर द्यायचं आम्ही ठरवलं. आमचं म्हणणं असं, की रेडिओचं काम हे दाव्यांच्याच कामाचा भाग आहे. कसं ते बघू.

वनहक्क कायदा २००६ सालचा, त्याचे नियम १ जानेवारी २००८ पासून लागू झाले. त्यातला नियम १३ सगळ्यांनी पाठ करावा असा आहे. जमीन आपल्या कसणुकीत होती हे दाखवायला काय काय पुरावा चालतो, ते त्यात लिहिलंय. सरकारी कागद चालतो. जुनं घर, विहीर, बांध, स्मशान, देवाची जागा चालते. वंशावळ चालते. आणि गावातल्या म्हाताऱ्या माणसांचा जबाबही चालतो. फक्त तो दावेदार सोडून दुसऱ्याचा असावा आणि लिहून काढलेला असावा. एकाहून जास्त पुरावे लागतात. पण अमुकच कागद आणा अशी सक्ती समितीला करता येत नाही, हे २०१२ च्या दुरुस्तीत स्पष्ट झालंय.

आता हे जबाब गोळा कोण करणार? कोणत्या साली कोणी कुठली खाडी तोडली, कोणत्या रेंजरने किती कोंबड्या नेल्या, कोणाच्या नावाने दंडाची पावती फाटली, कुठल्या टेकडीवर कोणाच्या बापाला पुरलं, हे सगळं ज्यांना ठाऊक आहे ती माणसं दर पावसाळ्यात कमी होतायत. त्यांना मराठी येत नाही. जे लिहितात त्यांना पावरी, मावची, भिलोरी धड येत नाही. मग जबाबाचा कागद होतो तीन ओळींचा: 'सदर जमीन वडिलोपार्जित असून कब्जात आहे.' सगळ्यांचा सारखाच. समितीने तो बाजूला टाकला तर आपण ओरडतो. पण म्हातारीने सांगितलेली अर्ध्या तासाची हकिगत त्या कागदात आलेलीच नसते.

ज्या पोरीला रेकॉर्डिंग करता येतं, नीट प्रश्न विचारता येतो आणि ऐकून ऐकून लिहून काढता येतं, ती हा जबाब पुरा आणू शकते. नुसता आवाज समितीपुढे पुरावा म्हणून पुरत नाही, तो कागदावर उतरवावा लागतो आणि म्हातारीचा अंगठा घ्यावा लागतो. पण आवाज हाताशी असला तर कागद खोटा ठरवणं सोपं नाही. रेडिओचं शिक्षण म्हणजे पहिलं हेच शिक्षण आहे. कार्यक्रम त्यातूनच पुढे निघतात.

दुसरी गोष्ट बातमीची. १३ फेब्रुवारी २०१९ ला सुप्रीम कोर्टाने नामंजूर दावेवाल्यांना जमिनीवरून काढण्याचा आदेश दिला. २८ फेब्रुवारीला त्याच कोर्टाने तो थांबवला. मधले पंधरा दिवस आठवा. ज्याच्या तोंडी जे येईल ते खरं. आदेशाची बातमी वाऱ्यासारखी आली, थांबवल्याची बातमी चालत आली. अशा वेळी आपल्या बोलीत, ओळखीच्या आवाजात पाच मिनिटं कोणी सांगितलं असतं की घाबरू नका, कोर्टाने थांबवलंय, जमिनीवरून हलू नका, तर किती जिवांचा घोर गेला असता. तसंच अपिलाचं. उपविभागीय समितीचा निकाल पटला नाही तर ६० दिवसांत जिल्हा समितीकडे दाद मागता येते. हे ६० दिवस ऊसतोडीच्या मुलखात निघून जातात आणि माणसाला पत्ताच नसतो.

मग कोणी म्हणेल, रेडिओ तर आहेच की, आकाशवाणी आहे. आहे. ती आम्ही ऐकतो, हवामान आणि शेतीचं ऐकून उपयोगही होतो. पण मोलगीच्या बाजारात आमचुराला आणि मिरचीला व्यापारी काय भाव देतो आणि तेच नंदुरबारला काय भावाने विकलं जातं, हे आपल्याला आपल्या बोलीत कोण सांगणार? तालुक्यात कुठल्या पाड्याची मोजणी कधी आहे, कोणाच्या दाव्यात काय त्रुटी काढली, हे कोण सांगणार? ते काम आपलंच.

हवेतल्या लहरी कोणाच्या, याचा निकाल सुप्रीम कोर्टाने फेब्रुवारी १९९५ मध्ये दिलेला आहे. लहरी ही जनतेची मालमत्ता, सरकारची मक्तेदारी नाही, असं कोर्ट म्हणालं. जंगलाबद्दल आपण जे म्हणत आलो तेच कोर्ट लहरींबद्दल म्हणालं. पण निकाल लागला म्हणून लहरी हातात आल्या नाहीत, जसं कायदा झाला म्हणून जमीन हातात आली नाही. २००२ साली सरकारने फक्त शाळा-कॉलेजांना छोटी केंद्रं काढायची मुभा दिली. गावात काम करणाऱ्या संस्थांना परवाना मागता यायला नोव्हेंबर २००६ उजाडलं. तोही अटींसकट. यंत्र साधारण १०० वॉटचं, म्हणजे सपाटीवर दहा-बारा किलोमीटर ऐकू येईल एवढं. सातपुड्यात तर एका डोंगराची आवाजाला आडकाठी झाली की संपलं. वर स्वतःच्या बातम्या सांगायला बंदी, आकाशवाणीच्याच बातम्या पुढे द्यायच्या. ज्याला बातमीच सांगता येत नाही त्या रेडिओने आपलं भागणार नाही.

म्हणून इंटरनेटचा रेडिओ. त्याला तो प्रसारणाचा परवाना लागत नाही, मनोरा लागत नाही, डोंगर आडवा येत नाही. कार्यक्रम एका ठिकाणी ठेवला की धडगावात ऐका, सुरतेत ऐका.

इथे दुसरा सवाल येतो, आणि तो पहिल्यापेक्षा मोठा आहे. आमच्या पाड्यावर मोबाईलला रेंजच नाही, झाडावर चढावं लागतं, तर इंटरनेट कुठलं?

खरं आहे. म्हणून आपला रेडिओ अर्धा इंटरनेटचा आणि अर्धा पायांचा राहील. बाजाराच्या दिवशी जिथे रेंज आहे तिथे कार्यक्रम चढवायचा. तिथेच बाकीच्या गावांच्या पोरांनी तो मोबाईलमध्ये उतरवून घ्यायचा. पाड्यावर गेल्यावर मेमरी कार्डाने, ब्लूटूथने एकाकडून दुसऱ्याकडे द्यायचा आणि ग्रामसभेत स्पीकर लावून सगळ्यांनी ऐकायचा. गाणी आणि सिनेमे आपल्या पोरांकडे असेच येतात, त्याला कोणी शिकवणी लावली नव्हती. वीस मिनिटांचा बोलण्याचा कार्यक्रम नीट दाबून बसवला तर पाच एमबीच्या आत मावतो. एका सिनेगीताएवढी जागा.

आणि ज्यांच्यासाठी खरं इंटरनेट लागतं ते आपले लोक पाड्यावर नाहीतच. दिवाळीनंतर कोयता घेऊन बारडोलीकडे गेलेलं जोडपं तिकडे पडावावर असतं, तिकडे रेंज असते, हातात मोबाईलही असतो. सहा महिने त्यांना गावाची खबर नाही आणि गावाला त्यांची नाही. मुकादमाने उचल किती लिहिली, टनाला काय दर लावला, कोणाचं पोर आजारी पडलं, हे त्यांनी तिकडून बोलून पाठवावं आणि इकडे ग्रामसभेत ऐकलं जावं. सभेत कोण हजर, कोण गैरहजर याला कायद्यात महत्त्व आहे. निम्म्या सभासदांची हजेरी लागते आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया लागतात. ठराव कोणत्या तारखेला आहे हे तोडीवरच्या माणसाला वेळेत कळलं तर तो एक दिवसाची रजा काढून येऊ शकतो.

हे काम आपण पहिल्यांदा करतोय असं नाही. आपल्याआधी आपल्यासारख्यांनीच केलंय.

तेलंगणात पस्तापूर भागातल्या दलित बायांनी माचनूर गावात संगम रेडिओ चालवला. परवाना मिळून तो १५ ऑक्टोबर २००८ ला सुरू झाला. पण त्याच्या कितीतरी वर्षं आधीपासून त्या बाया कार्यक्रम भरून ठेवत होत्या आणि कॅसेटी संघांच्या बैठकांत वाजवत होत्या. कोरडवाहू शेती, ज्वारी-बाजरीचं बियाणं, जुनी गाणी, बायांचं औषधपाणी हा त्यांचा विषय. परवान्याची वाट बघत त्या हात बांधून बसल्या नाहीत. बऱ्याच जणींना अक्षरओळख नव्हती, पण यंत्र चालवायला त्याची अडचण झाली नाही.

छत्तीसगडात २०१० पासून सीजीनेट स्वर चालतो. फोन करायचा, आपली बातमी आपल्या बोलीत सांगायची. ती तपासली जाते आणि मग फोनवरून व इंटरनेटवरून सगळ्यांना ऐकता येते. गोंडी बोलणाऱ्यांनी त्यावर रेशन, हातपंप, रोजगार हमीची अडकलेली मजुरी यांच्या बातम्या दिल्या. त्यातूनच पुढे 'बुल्टू रेडिओ' निघाला. ब्लूटूथचं नाव लोकांनी आपल्या जिभेवर वळवलं आणि रेंज नसलेल्या गावात मोबाईलवरून मोबाईलवर कार्यक्रम पोचवले.

श्रीलंकेत महावेली प्रकल्पाच्या धरणांनी हलवलेल्या लोकांसाठी सरकारी रेडिओने छोटी केंद्रं काढली होती, त्यातलं कोटमलेचं केंद्र १९८९ चं. तिथे १९९९ पासून एक नवी रीत सुरू झाली. गावकरी पत्राने प्रश्न पाठवत आणि रेडिओवरची माणसं इंटरनेटवर त्याचं उत्तर शोधून लोकांच्या भाषेत वाचून दाखवत. ज्याच्या घरी संगणक नाही त्यालाही इंटरनेट कानाने मिळालं. सरदार सरोवरात आपल्याकडची ३३ गावं बुडितात आली. त्या गावांच्या लोकांना आपल्याच गावाचा आदेश कळायला किती खेटे घालावे लागले ते इथे सांगायला नको. कोटमलेची रीत आपल्याला चालण्यासारखी आहे. प्रश्न ग्रामसभेने पाठवावा, उत्तर पोरांनी शोधून, जाणत्या साथींकडून तपासून सांगावं.

आणि दूर दक्षिण अमेरिकेत, बोलिव्हियाच्या कथिल खाणींत, कामगारांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून स्वतःची रेडिओ केंद्रं उभी केली. वीसहून जास्त झाली होती. पैसा मजुरांच्या पगारातून कापून यायचा. भाषा स्पॅनिश आणि तिथल्या आदिवासींची, दोन्ही. लग्नाचा निरोपही त्यावरून आणि संपाची हाकही त्यावरूनच. १९८० च्या लष्करी उठावात सैन्याने ती बंद पाडली, तेव्हा एक केंद्र पडलं की दुसरं बोलत राहायचं. लोकांच्या पैशाने चाललेलं केंद्र वाचवायला लोक धावतात. बाहेरच्या पैशाने चाललेलं केंद्र प्रकल्पाची मुदत संपली की आपोआप बंद पडतं. हा धडा आम्ही मोठा मानतो.

आता शिक्षणात काय काय शिकवायचं ते.

पहिलं, ऐकायला शिकणं. दोन दिवस पोरांनी नुसतं ऐकावं. 'तुमची जमीन फॉरेस्टने घेतली का?' असं विचारलं तर म्हातारा 'हो' म्हणेल आणि गप्प बसेल. 'त्या दिवशी काय झालं?' असं विचारलं तर तो सांगायला लागेल. तो थांबला तर लगेच दुसरा प्रश्न टाकू नये, थोडं थांबावं. पुष्कळदा खरी गोष्ट त्या थांबण्यानंतर येते.

दुसरं, आवाज भरणं. मोबाईल एरोप्लेन मोडवर टाकावा, नाहीतर मध्येच घंटी वाजते. तोंडापासून एक वीत अंतरावर धरावा, हातात चाळवू नये. वारा असेल तर कुडाच्या आत बसावं, पातळ फडकं गुंडाळावं. पीठगिरणी आणि डिझेल इंजिनापासून लांब बसावं. कोंबडा आरवला तर आरवू द्या, तो आपल्याच गावचा आहे.

तिसरं, नोंद. प्रत्येक रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला बोलणाऱ्याचं नाव, गाव, पाडा, तारीख आणि भरणाऱ्याचं नाव बोलून घ्यावं, वहीतही लिहावं. नोंद नसलेला आवाज दोन वर्षांनी कोणाच्याच कामाचा राहत नाही. त्याच्या दोन प्रती दोन वेगळ्या गावांत ठेवाव्यात.

चौथं, कापणं आणि जोडणं. ऑडॅसिटी नावाचं फुकट मिळणारं साधन संगणकावर चालतं. त्यात नको तो भाग काढता येतो. इथेच खरी परीक्षा आहे. माणूस म्हणाला 'आम्ही जमीन सोडणार नाही, मोजणी झाली तर बघू' आणि आपण मागचं वाक्य कापलं, तर ते खोटं बोलणं झालं. कापल्यावर ज्याचा आवाज आहे त्याला ऐकवावं, त्याने मान डोलावली तरच पुढे जावं.

पाचवं, खातरजमा. व्हॉट्सअॅपवर आलेलं जसंच्या तसं वाचून दाखवणं म्हणजे रेडिओ नव्हे. आदेश असेल तर त्याचा नंबर आणि तारीख बघावी. मारहाणीची बातमी असेल तर ज्याला मारलं त्याच्याशी बोलावं, आणि ज्याच्यावर आरोप आहे त्यालाही विचारावं. परवाना लागत नाही म्हणजे कायदा लागत नाही असं कोणी समजू नये. २०१२ साली पालघरच्या दोन मुलींना फेसबुकवरच्या साध्या मजकुरावरून अटक झाली होती. ज्या कलमाने ती झाली ते ६६ अ कलम सुप्रीम कोर्टाने २०१५ मध्ये रद्द केलं, पण बदनामीचा आणि बाकीचा कायदा आहेच. आपली बातमी पक्की असेल तर आपण कोणालाही तोंड देऊ.

आता लगामाची गोष्ट. पोरांच्या हाती यंत्र गेलं की गाव त्यांच्या मागे फिरेल, अशी भीती काही जाणत्यांनी बोलून दाखवली. उलटीही भीती आहे, की पाटील-कारभारी पोरांना बोलूच देणार नाहीत. म्हणून नियम आधीच ठरवावेत आणि ठराव करून लिहून ठेवावेत. आमची सूचना अशी.

रेडिओ ग्रामसभांचा राहील, एका पुढाऱ्याचा नाही, कोणत्या पक्षाचा नाही. दर महिन्याला काय भरलं आणि काय लोकांपुढे ठेवलं याचा हिशोब पोरं ग्रामसभेत देतील. ग्रामसभा चूक दाखवेल, पण तिच्यावर टीका आली म्हणून कार्यक्रम बंद करणार नाही. देवाच्या ज्या गोष्टी बाहेर सांगायच्या नसतात आणि कुठली मुळी कुठे सापडते ही माहिती इंटरनेटवर जाणार नाही. एकदा गेली की कंपनीचा माणूस पिशवी घेऊन डोंगरावर येतो. कोणत्याही बाईला डाकीण ठरवणारा एक शब्दही आपल्या रेडिओवर येणार नाही. तो गुन्हा आहे, २०१३ पासून त्याला राज्याचा वेगळा कायदा आहे, आणि कायदा नसता तरी आपण तो येऊ दिला नसता. ज्या बाईने विश्वासाने घरातलं दुःख सांगितलं तिचं नाव आणि आवाज तिच्या परवानगीशिवाय जाणार नाही.

पैसा बाहेरचा नको. यंत्रांपुरता लागणारा खर्च गावांनी वाटून घ्यावा. खाणकामगारांनी पगारातून दिला, आपण सुगीला घरटी एक पायली धान्य देऊ शकतो. ज्याचं धान्य खाल्लं त्याचा आवाज निघतो, हे पोरांच्याही ध्यानात राहील.

पोरं पाठवायची कोणती? प्रत्येक ग्रामसभेने दोघं पाठवावीत, एक पोरगी आणि एक पोरगा. नुसता पोरगा आला तर परत पाठवू, हे आत्ताच सांगतो. बाया पोरीजवळ जे बोलतील ते पोराजवळ बोलणार नाहीत. आईबापांना काळजी असेल तर मावशी, काकू कोणी सोबत यावं, त्यांची राहायची-जेवायची सोय होईल. बारावी झालेलाच हवा असं नाही. गुरं राखणारा पोरगा, ज्याला गावातली प्रत्येक वाट आणि प्रत्येक म्हातारा ठाऊक आहे, तो चालेल. एकच अट, त्याला आपली बोली बोलायची लाज वाटता कामा नये. आश्रमशाळेत बरीच पोरं ही लाज शिकून येतात. कार्यक्रम पावरीत, मावचीत, भिलोरीत, कोकणीत होतील आणि जिथे एकमेकांची बोली कळत नाही तिथेच मराठी मध्ये येईल.

हा छापील अंक बंद होणार नाही. स्टेन्सिल कापून, हाताने फिरवून निघणारा हा कागद वीस घरांत पाच जण वाचतात आणि बाकीच्यांना वाचून दाखवतात. रेडिओने मोर्चाही निघत नाही आणि दावाही मंजूर होत नाही, त्याला आपले पायच लागतात. पण मोर्चाला का जायचं, दाव्यात काय कमी आहे, शेजारच्या पाड्याने ते कसं भरून काढलं, हे पायांना आधी कळावं लागतं.

तेव्हा येत्या ग्रामसभेत हा अंक वाचून दाखवावा, नियमांवर बोलावं, पटलं नाही तिथे बदल सुचवावा आणि ठराव करून दोघांची नावं तालुक्याच्या बैठकीत द्यावीत. नावं देताना गावातल्या सगळ्यात जुन्या पाच माणसांची यादीही सोबत द्यावी. शिकणाऱ्या पोरांचं पहिलं काम त्या पाच माणसांकडे जाऊन बसणं हे असेल. त्यात आता उशीर करून चालणार नाही.

जिंदाबाद!